पाण्याची काच

माझा नवरा विक्रोळीच्या एका कारखान्यात क्रेन चालवतो. 'चालवायचा' असं म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. घरी त्याचं वेड वेगळं. कॉम्प्युटरवरच्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये आयत्या गाड्या चालवण्यात त्याला राम वाटायचा नाही. वाफेची इंजिनं तो स्वतः त्याच कॉम्प्युटरवर बनवायचा. चाकं, दांडे, केबिनमधली दाब-पाणी दाखवणारी गेजं, सगळं घरचं. नाहूरच्या आमच्या खोलीत दुसऱ्या कपाटाला जागा नाही, इंजिनांना मात्र आहे, असं मी येईल त्याला ऐकवायचे.

मग त्याला स्ट्रोक आला. डावा हात-पाय लुळा पडला, व्यायामाने बराचसा परत आला. बोलणं शाबूत, तोंडाळपणा तर आधीपेक्षा जास्तच. आपल्याला काही झालंय हे त्याला कबूलच नव्हतं. रजा संपत आली तशी त्याने आपली परीक्षा आपणच ठरवली. "माझं इंजिन घाट चढवून दाखवतो. चढलं, की सोमवारी मी क्रेनवर." मी हो म्हटलं. त्या क्रेनच्या खाली माणसं उभी असतात, हे मला माहीत होतं, तरीही.

इंजिन चढेना. अर्ध्या घाटात बॉयलरमधलं पाणी संपायचं, बॉयलर फुटू नये म्हणून आग आपोआप विझायची, गाडी उभी. आजाराआधी हेच इंजिन हसतखेळत वर जायचं. "फाइलमध्ये बिघाड झालाय," तो म्हणाला. डाव्या हाताची बोटं अजून अडायची, टायपिंग जमेना म्हणून फाइल उघडून आकडे बदलायचं काम माझ्याकडे आलं. बॉयलरचं माप बदललं, पाणी आत ढकलणाऱ्या पंपाचा जोर वाढवला. पुन्हा तेच. "वाट लावलीस गं आकड्यांची!" तो ओरडायचा. "मग ठेव दुसरी बाई कामाला," मी म्हणायचे.

शेवटी मॉडेल बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर ती फाइल टाकली. उत्तर आलं, "आमच्याकडे झकास चालतं, दादा." दुपारी तो झोपला असताना मीच बसले. मला धड स्कूटरही येत नाही, पण पाणी कमी झालं की पंप सुरू करत राहिले आणि इंजिन शिट्टी मारत घाट चढलं. आनंद कसला, तो उठायच्या आत मी कॉम्प्युटर बंद केला.

रजेच्या शेवटच्या रविवारी जेवताना त्याच्या ताटाकडे नीट पाहिलं. उजवीकडची भाजी, आमटी साफ. डावीकडची चटणी, लिंबू, कोशिंबीर जशीच्या तशी. हे कितीतरी दिवस चाललं होतं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, एकदाचा ऐकतोय, म्हणून मी सासूबाईंना फोनवर कौतुकाने सांगितलंही होतं. मी ताट अर्धं फिरवलं.

"अरे वा, आज चटणी केलीस?" म्हणत त्याने बोटं चाटून खाल्ली.

जेवण झाल्यावर तो खेळायला बसला. मी त्याच्या डाव्या हाताला स्टूल ओढून बसले. बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच पडद्याच्या डाव्या कडेला आहे. त्यानेच ती तिथे बसवली होती. घाट सुरू झाला, काचेतलं पाणी खाली खाली जाऊ लागलं.

"पाणी बघ रे."

"कुठे बघू? काच तूच उडवलीस ना फाइलमधून!"

काच त्याच्या नाकासमोर होती. आग विझली, गाडी थांबली. मला त्याचा राग आला, कीव आली, आणि सोमवारची भीती तर अशी वाटली, की स्टूल घट्ट धरून ठेवावं लागलं.

"बघितलंस? इंजिनातच घोळ आहे," तो म्हणाला.

"इंजिन बरोबर आहे रे," मी म्हटलं.

त्याने मान वळवली. उजवीकडे, जिथे कोणी नव्हतं तिथे बघत त्याने मला विचारलं, "मग बिघाड आहे कुठे?"