मी न सांगितलेली थायरॉईडची तपासणी

आदरणीय रशीदा शेख सिस्टर यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरव अंकासाठी त्यांच्या चांगुलपणाचा एखादा प्रसंग लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं. प्रसंग माझ्याकडे आहे. तो आजवर लिहिला नाही, कारण त्यात मी चांगली दिसत नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी पाटसजवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू झाले. पदवी नवी कोरी होती आणि राग सदा नाकावर. पहिल्याच दुपारी सिस्टरांनी विचारलं, “डबा आणला न्हाईत व्हय मॅडम?” आणि आपल्यातली अर्धी भाकरी व मेथीची भाजी पुढे केली. मी ती खाल्ली आणि हात धुऊन आल्यावर त्यांच्या रजिस्टरातल्या रेघा वाकड्या आहेत म्हणून त्यांना सुनावलं. माझी सुरुवात ही अशी.

सिस्टरांची कामाची एक रीत होती. “गोळ्या घेता का?” असं त्या गरोदर बायांना कधीच विचारत नसत, कारण त्याला सगळ्याच ‘हो’ म्हणतात. त्या म्हणत, “कशा घेता, ते करून दाखवा.” मला तो पोरखेळ वाटे.

सविता नावाची पहिलटकरीण तपासणीला यायची. घरची शेवंतीच्या फुलांची शेती होती. दिवस राहण्याआधीपासून तिला थायरॉईडची गोळी चालू होती. मी तिला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आधीची गोळी “आहे तशीच चालू ठेवा” म्हणाले. सिस्टरांनी करून दाखवायला सांगितलं, तेव्हा सविताने तिन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या, एकदम तोंडात टाकल्याचं केलं आणि वर चहाचा घोट. फुलं तोडायला निघायच्या घाईत रोज असंच चालायचं.

सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या. “मॅडम, थायरॉईडची गोळी लोहाच्या गोळीसंगं जातीया तिची. अंगी लागंल का? आन् दिवस ऱ्हायल्यापास्नं रक्तबी तपासलेलं न्हाई.”

त्यांचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं होतं. गरोदरपणात थायरॉईड ग्रंथीवर जादा भार येतो, पहिले काही महिने बाळही आईच्याच संप्रेरकावर वाढतं. जिची ग्रंथी आधीच कमी पडते, तिचा डोस बहुधा वाढवावा लागतो. लोह आणि कॅल्शियम त्या गोळीपासून काही तास लांब ठेवावे लागतात. हे सगळं मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण ओसरी बायांनी भरलेली होती आणि एक नर्स मला शिकवत होती. मी मोठ्याने म्हणाले, “सिस्टर, तुम्ही बसा. थायरॉईडचं मी बघते.”

त्या बसल्या. मी मात्र काहीच बघितलं नाही.

पुढच्या खेपेला सविताचा चेहरा सुजट दिसत होता, आवाज जड झाला होता, बसल्या जागी डोळा लागत होता. “पोटात बाळ आहे, सुस्ती येणारच,” असं म्हणून मी तिला वाटेला लावलं. सिस्टरांनी तिला बाहेर थांबवून घेतलं, रक्त काढलं आणि आपल्या जबाबदारीवर दौंडच्या लॅबला पाठवलं. रिपोर्ट वाईट होता. त्यांनी तो चारचौघांत माझ्यापुढे धरला नाही. माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आणि फक्त म्हणाल्या, “सवड झाली की बघा.” रजिस्टरात नोंद होती, ‘डॉक्टरांच्या सूचनेवरून रक्त घेतले.’ रेघ सरळ होती.

डोस वाढवला, गोळ्यांच्या वेळा लावून दिल्या. सविता शिरूरकडे माहेरी सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. तालुक्याच्या बैठकीत वेळेवर निदान केल्याबद्दल माझ्या हाती नारळ आणि गुलाब दिला गेला. मी तो घेतला. मागच्या रांगेत बसून सिस्टर टाळ्या वाजवत होत्या. सविताने मुलीला माझं नाव ठेवलं, वैशाली. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. तो नारळ फोडायचा मला धीर झाला नाही, खोलीतच वाळून गेला.

हा लेख लिहिण्याआधी गेल्या महिन्यात मी सविताकडे जाऊन सगळं सांगितलं. ती शेवंतीच्या पाट्या भरत होती. हात न थांबवता म्हणाली, “मला ठावं हाय की मॅडम. रक्त त्यांनीच काढलं व्हतं न्हवं? पोरीला मी त्यांचंच नाव ठेवणार व्हते. त्याच म्हणल्या, मॅडमचं ठेव. नव्या हायेत, मनातनं लई खचल्यात. तेवढाच धीर येईल त्यास्नी.”

मला तिच्याकडे बघवेना. इतकी वर्षं मी मनातली जी शरम लपवत होते, ती सिस्टरांनी तेव्हाच ओळखली होती आणि तिच्यावर पांघरूणही घातलं होतं.

सिस्टर, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. तुमच्यासमोर अजून पुष्कळ बाया गोळ्या कशा घेतात ते करून दाखवोत. माझं एक मागणं आहे. सत्काराच्या दिवशी, भरल्या मांडवात, सगळ्यांना ऐकू जाईल असं मला एकदा म्हणा, “मॅडम, तुम्ही बसा. मी बघते.”

मी बसेन.