वहीतला डाऊट

आमच्या तिसगाव भागात 'डाऊट' हा शब्द इंग्रजी आहे असं कुणाला वाटतच नाही. शाळेचा शिपाई फाटकाशी उभा राहून सांगतो, "सर, मला डाऊट हाय, पाथर्डीची गाडी आज येत न्हाई." म्हणजे त्याची जवळजवळ खात्रीच असते, आणि गाडी खरोखर येत नाही. आमच्याकडे एखाद्या गोष्टीचा डाऊट आला, की ती झालीच असं समजायचं.

मी मराठीचा मास्तर. शंका आणि संशय यांतला फरक दर वर्षी आठवीला शिकवतो. शंका विचारतात, संशय घेतात. शंका फिटते, संशय वाढतो. हे सांगताना मागच्या बाकावरून कुणीतरी करंगळी वर करून शंकेला जायची परवानगी मागतं आणि वर्ग हसतो. या दोन्ही शब्दांना उठवून त्यांच्या जागी एकटा डाऊट येऊन बसला, याचा मला पहिल्यापासून राग. पण तो माझ्या घरात येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

बायकोचं बी.एड. नुसतंच होऊन पडलं होतं. मागच्या वर्षी पाथर्डीत एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जागा निघाली. मुलाखत इंग्रजीतून होणार होती. मीच हौसेने आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना म्हणालो, "घरी जरा मदत करा." सर नेवाशाकडचे, नवीन लागलेले, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. शर्ट कायम कडक इस्त्रीचा. हा धोंडा मी स्वतः उचलून स्वतःच्या पायावर पाडून घेतला.

रोज संध्याकाळी सातला फोन सुरू. "सर, एक डाऊट होता." एक म्हणायची आणि चार काढायची. मधेच हसायची. मी बाहेरच्या खोलीत चाचणीचे पेपर तपासत बसलेला, आणि कान सगळे आत. मी जळत होतो. त्याला दुसरा सभ्य शब्द कशाला शोधू? सर चांगला माणूस आहे हे ठाऊक असूनही जळत होतो. त्याहून आत एक गोष्ट टोचत होती. बारा वर्षांच्या संसारात हिने मला कधी काही अडलं म्हणून विचारलं नाही. लेकीचा ताप असो, माझ्या आईचा रुसवा असो, सगळं तिचं तिला ठाऊक. आणि या इस्त्रीवाल्यापुढे मात्र तिला रोज अडत होतं.

भरीला, अभ्यासाची वही सरांकडे न्यायची आणि तपासून झाली की परत आणायची, हे कामही माझंच. पिशवीत डब्याशेजारी ती वही असायची. मी ती उघडत नसे, आणि उघडत नाही याचा मला मोठा अभिमान होता.

एकदा न राहवून म्हणालो, "एवढे कसले डाऊट येतात गं?"

ती कणीक मळत होती. "तुमी डाऊट खाताय का माझ्यावर?"

"मी कशाला खाऊ? मला भाकरी पुरते."

ती हसली नाही. फोनवर एवढी हसणारी बाई माझ्या विनोदाला हसली नाही, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

दोन दिवसांनी ती दळण घेऊन गिरणीवर गेली आणि मी वही उघडली. पानोपानी तिचं गोल अक्षर, आणि प्रत्येक वाक्यापुढे सरांच्या लाल पेनची बरोबरची खूण. मला त्या खुणांचासुद्धा मत्सर वाटला. एका पानावर लिहिलं होतं, 'आय डाऊट माय हजबंड ट्रस्ट्स मी.'

मी ते शिपायाच्या मराठीत लावलं. मला डाऊट हाय, माझ्या नवऱ्याचा माझ्यावर विश्वास हाय. म्हणजे तिची खात्रीच की. आणि पुढे लाल खूण. मला माझीच लाज वाटली. वही होती तशी ठेवली, बाजारातून भेळ आणली, गजरा आणला. गजरा बघून ती जरा चक्रावलीच. एवढ्यावर न थांबता मी रविवारी सरांना चहाला बोलावलं.

सर आले. कपडे इस्त्रीचेच होते, पण त्या दिवशी मला ते खुपले नाहीत. चहा झाल्यावर मुलाखतीचा विषय निघाला. मला उदार व्हायचं होतं, आणि थोडं इंग्रजीही बोलून दाखवायचं होतं. बायकोकडे बघत मी म्हणालो, "आय डाऊट शी विल गेट द जॉब."

बायकोचा चेहरा पडला. सरांनी रिकामी बशी खाली ठेवली. मग हलकेच म्हणाले, "सर, मॅडमना नोकरी मिळेल, असंच म्हणायचंय ना तुम्हाला? मग डाऊट नको. आय डाऊट म्हणजे, मला नाही वाटत. आपल्याकडे सगळेच उलटं बोलतात. मॅडमही आधी असंच लिहायच्या."

"अस्सं होय," मी म्हणालो आणि हसलो. ते वाक्य मात्र मनातल्या मनात सुलटं झालं होतं. नवऱ्याचा माझ्यावर विश्वास आहे असं मला वाटत नाही. आणि या माणसाने ते वाचून त्यावर बरोबरची खूण केली होती. मी पिशवीतून नेऊन दिलेल्या वहीत.

सर गेल्यावर ती मोरीत कप विसळायला बसली. मी दारात उभा.

"वाक्यं सर देतात का गं?"

"कोन्ती?"

"ती, आय डाऊटची."

"सर निसतं आय डाऊट एवढंच देत्यात. पुढचं ज्याचं त्यानं लिवायचं."

"मग ते नवऱ्याचं तू लिहिलंस."

तिने कप पालथा घातला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"वही उघडली व्हय तुमी," ती म्हणाली. "मंग बराबरच लिवलं हुतं की मी."