वहिनीचं सेंट

आज थकून परतताना लिफ्टमध्ये पांढऱ्या फुलांच्या सेंटचा हलका वास आला आणि खारच्या कोळीवाड्यातली वहिनी आठवली. घराण्यातली पहिली पदवी घेऊन मी नोकरीसाठी तिच्याकडे राहायला आले होते. ती घरातूनच सुकट विकायची. मुलाखतीच्या आदल्या दिवशी माझ्या एकुलत्या चांगल्या ड्रेसला सुकटीचा वास बसला, तेव्हा तिने लग्नात मिळालेलं, जपून ठेवलेलं सेंट ड्रेस खळबळायच्या पाण्यात ओतलं. “वहिनी, सगळं?” “गप गं. आमच्या घराच्या वासाने तुझी नोकरी जायला नको.” मुलाखत घेणाऱ्या बाईंनी आधी खिडकी उघडली, पण नोकरी दिली. पहिल्या पगारात मी वहिनीसाठी तसंच सेंट नेलं. तिने ते माझ्याच पर्समध्ये ठेवलं. “तूच लाव बाय. माझ्या हाताला आता दुसरा वास लागत न्हाय.” मला ते अजून लावता आलेलं नाही.