दोन पिक्सेलची चौकट

भूम तालुक्यातल्या एका खवा व्यापाऱ्याच्या वेबसाइटचं काम घेतलं तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. त्याला पेढ्याच्या प्रत्येक फोटोभोवती लग्नपत्रिकेसारखी दुहेरी चौकट हवी होती. येडशीतल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत बसून मी सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमध्ये, बॉर्डरला ‘डबल’ लिहिलं आणि जाडी दिली दोन पिक्सेल. स्क्रीनवर रेघ उमटली एकच. पुन्हा पुन्हा रिफ्रेश केलं, तरी एकच.

चूक साधी होती. दोन रेघा आणि मधली फट, म्हणजे निदान तीन पिक्सेल, स्क्रीनवरचे तीन ठिपके, लागतात. पण ते सुचायच्या आधीच जीप लावून आबा, म्हणजे माझे वडील, आत आले. ते वस्त्यांवरची पोरं शाळेत नेतात-आणतात. मी वैतागून त्यांना विचारलं, या चौकटीची रेघ एकेरीच दिसतेय ना?

"दोन हायत की. चांगल्या दिसायल्यात," आबा म्हणाले.

मला वाटलं, लेकीचं मन राखतायत. खरं तर आबांना खोटं कौतुक कधीच जमलेलं नाही. मी चिडून म्हटलं, नीट बघा. ते वाकले, उजवा डोळा मिटला आणि म्हणाले, आता एकच हाय.

त्या मिटलेल्या डोळ्याकडे बघून मला आठवलं. कितीतरी दिवस ते जीप चालवताना तसाच डोळा मिटत होते. विचारलं की धूळ गेली म्हणायचे. आई चिडवायची, या वयात कुणाला डोळा मारताय, आणि मी खो खो हसायचे.

"आबा, रस्ता कसा दिसतो तुम्हाला?"

त्यांनी मिटलेला डोळा उघडला. मग म्हणाले, "त्यो बी दोन. एक डोळा मिटला की बराबर एक होतोय."

मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेली पोरं डोळ्यांसमोर आली. उद्या धाराशिवला डॉक्टरकडे जायचं, पोरांच्या घरी मी फोन करते, असं सांगून मी चावी मागितली. पोरं वाट बघतील, रस्ता पाठ हाय, असं ते पुटपुटत राहिले. मी हात पुढे करून उभीच राहिले.

शेवटी त्यांनी खिशातून चावी काढली, माझ्या तळहाताकडे नीट बघितलं आणि ती त्याच्या शेजारी, हवेत सोडली.