मामाचा फेटा

दवाखान्यातल्या सिस्टरनं बाहेर येऊन विचारलं, पेशंटचे नातेवाईक कोण? मी उठलो, म्हणालो, "मी मामा." तिनं मान खाली घातली, तेव्हाच कळलं... आमची चित्रा गेली. डेंगीचा ताप, आणि तरणीताठी पोर गेली.

मी एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. सावेडीत आमच्या मागच्या खोलीत ती भाड्यानं राहायला आली. लॅबमध्ये रक्त तपासायची. आईबाप कोण, तिलाही ठाऊक नव्हतं. कुणीतरी तान्ही असताना संस्थेत ठेवून गेलेलं, नावसुद्धा संस्थेनंच दिलेलं. मी तोंडाचा फटकळ. नळ चालू दिसला की ओरडायचो. ती हसून म्हणायची, काका, जरा ब्रेक मारा. हळूहळू ती आमच्यातच जेवायला लागली.

लॅबशेजारी मेडिकल चालवणारा अमोल मूळचा कोल्हारचा, ऊस-डाळिंबाचं मोठं घर. दोघांचं जमलं. पण हिला एकच घोर, मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, माझ्यामागं कोण? मी म्हणालो, मी आहे की! दुसऱ्याच दिवशी पठ्ठीनं माझ्यासाठी गुलाबी फेटा आणला. "बोडक्या डोक्यानं उभे राहाल तर बघा," म्हणाली. तेव्हापासून मी काकाचा मामा झालो.

कोल्हारला मी, बायको आणि ती गेलो. चहापाणी झालं, पाहुणचारात काही कमी नाही. मग अमोलच्या वडिलांनी कूळ विचारलं, देवक विचारलं, मामाचं गाव विचारलं. मी म्हणालो, मामा मीच. ते शांतपणे म्हणाले, "पाव्हनं, तुमी खोली भाड्यानं दिली. कूळ भाड्यानं मिळत न्हाई." अमोल शेजारीच बसला होता, फरशीकडं बघत. चित्रानं सगळ्यांचे कप गोळा केले, आत नेऊन विसळून ठेवले... त्या घरची सून असल्यासारखं.

येताना म्हणाली, तो समजावेल घरच्यांना. महिने गेले. तापातही तिचा हात मोबाईलवर. मी अमोलला फोनवर फोन लावले, त्यानं उचलले नाहीत. शेवटी तीच म्हणाली, राहू द्या मामा, तुम्ही आहात ना. मी असून काय उपयोग झाला, सांगा मला!

दहाव्याला अमोल आला. पायावर डोकं ठेवून रडला, "मामा, माफ करा." मामा! अरे, हा शब्द त्या दिवशी बापासमोर काढला असतास तर... मी तसं तोंडावर बोललो.

बायको म्हणते, तो फेटा कुणाला तरी देऊन टाका. मी देत नाही. कपाटावर डब्यात तसाच आहे, तिनं घातलेल्या घडीत. स्मशानात तिच्या पाठीशी मीच उभा होतो. बोडक्या डोक्यानं.