मामंजींच्या रेडिओतली टकटक

माझ्या लॅपटॉपातलं वायफाय मेलं तेव्हा मी बाहेरून खोचायचं एक कार्ड मागवलं. कार्ड बोटाच्या पेराएवढं आणि सोबतचं माहितीपत्रक अंगावर पांघरता येईल एवढं! मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, छापील कागद न वाचता टाकलेला चालत नाही. त्यांनी तो मला मराठीतून सांगायला लावला. कार्ड अंगापासून वीतभर लांब ठेवायचं, हे त्यांनी बोटं ताणून मोजून पाहिलं. पण पुढचा नियम त्यांना फारच आवडला. कार्डानं दुसऱ्याच्या रेडिओला त्रास द्यायचा नाही, आणि बाहेरून येईल तो त्रास मात्र निमूट सोसायचा.

"सुनंसाठीच लिवल्यागत हाय की," ते म्हणाले. आत्ती, माझ्या सासूबाई, पदराआड हसल्या.

आमचं घर कुंभारवाड्याकडच्या रानात, भोवती भात. मला घरबसल्या एक काम मिळालं होतं, तेही आधी बघू, मग कायम करू या बोलीवर. साहेबांची रोजची मीटिंग नेमकी तिन्हीसांजेला, मामंजींच्या रेडिओवरच्या भजनाच्या वेळी.

त्याच सुमाराला भात पोटरीला आलं आणि रेडिओत टकटक सुरू झाली. अभंगाच्या ऐन मधोमध, रेडिओनं घड्याळ गिळल्यासारखी. मामंजींनी ताबडतोब निकाल दिला, "तुज्या कार्डाचं काम हाय ह्ये." मी समजावू लागले, पण ऐकतो कोण! भजन लागलं की मी लॅपटॉप मिटायचा, असं ठरलं. मीटिंग अर्धवट सोडायची माझी रोजची तऱ्हा झाली. शेवटी साहेब म्हणाले, पुन्हा अशा गायब झालात तर दुसरं कुणी बघू. मला ही नोकरी मनापासून हवी होती. लग्नानंतर माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या जरा आधी मी लॅपटॉप बंद केला, कार्ड उपसलं आणि मामंजींच्या हातावर ठेवलं. "आता लावा भजन."

टक्. टक्. टक्.

मामंजींनी मुठीतल्या कार्डाकडे संशयानं पाहिलं. "वारं ऱ्हायलं असंल त्येचं घरात."

"झटका मशीन बंद करून बघा की जरा," आत्ती चुलीपुढूनच म्हणाल्या.

रानडुकरं येऊ नयेत म्हणून मामंजींनी भाताभोवती तार ओढली होती. दिवस कलला की ते मशीन लावायचे आणि तारेतून थांबून थांबून करंट सुटायचा. त्यांनी जाऊन मशीन बंद केलं. अभंग स्वच्छ! लावलं. टक्. पुन्हा बंद केलं, पुन्हा लावलं. मग परत येऊन कार्ड माझ्या हातात दिलं.

"तारंवर येल चढल्यात," एवढंच म्हणाले. मी धावत लॅपटॉप उघडला.

वेल टेकले की तारेवर ठिणग्या उडतात आणि त्याच रेडिओत टकटकतात; सकाळी त्यांनी कोयत्यानं वेल तोडले. टकटक कमी झाली, गेली मात्र नाही, आणि कापणीपर्यंत मशीन बंद ठेवणं शक्यच नव्हतं. चुकलं असं काही ते बोलले नाहीत. सासरे तसं बोलत नसतात. त्या संध्याकाळी मी मीटिंगला बसले, तर मामंजी रेडिओ काखेत मारून गोठ्याकडे निघालेले.

"मामंजी, कुठं?"

"हितं टकटक तुज्या सायबाला ऐकू जाईल. त्रास द्याचा न्हाई, लिवलंय न्हवं?"

"आणि सोसायचं?"

"त्याला मी हाय की," म्हणाले आणि गेले.

गोठ्यातून टकटकीसकट अभंग येऊ लागला. मला भरून आलं.

"तुमचा आवाज तुटतोय," साहेब म्हणाले. "नेटवर्क गेलं का?"

"नाही सर," मी म्हटलं. "आज नेटवर्क चांगलं आहे."