कादिझला सहा रात्री

एफी रेनीने आणि मी थंड समुद्राकाठच्या आर्ब्रोथ गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं एकत्र काम केलं. तिथे चारशे मुलांचं जेवण तिच्या हुकमावर चालायचं, पण घरी मात्र ती नवऱ्याच्या शब्दाबाहेर नसे. मर्डो बस आगारात वेळापत्रकं बनवायचा. सुट्टीचं वेळापत्रकही तोच बनवायचा. पोर्तुगालला आठ दिवसांत सहा गावं झाली. आल्यावर मी विचारलं, "कसं होतं?" एफी म्हणाली, "बॅग भरली, उघडली, भरली."

दोघं निवृत्त झाल्यावर स्पेन ठरलं. बारा रात्री. मर्डोने टेबलावर तक्ता पसरला: बार्सिलोना, माद्रिद, तोलेदो, सेव्हिल, कोर्दोबा, कादिझ, ग्रानादा. कुठे दोन रात्री, कुठे एक. मी तिथेच चहा पीत बसले होते. एफीने चष्मा लावून तक्ता नीट वाचला आणि चार गावांवर काट मारली.

"माद्रिद तीन, कादिझ सहा, ग्रानादा तीन."

"कादिझला सहा?" मर्डो म्हणाला. "तिथे समुद्राशिवाय आहे काय?"

"समुद्र आहे ना."

"तो तर आपल्या दाराशीही आहे."

"त्यात पाय घातला की निळा पडतो, मर्डो. मी साठाव्या वर्षी पोहायला शिकले ती काय तलावाच्या चार भिंतींसाठी?"

"एवढं भाडं भरून एकाच गावात ठाण मांडायचं? लोक हसतील."

एफी उठली आणि पोर्तुगालचा एक फोटो घेऊन आली. चर्चसमोर दोघं उभे. "हे कुठलं गाव?"

मर्डोने बराच वेळ पाहिलं. "ब्रागा असेल. नाहीतर कोइंब्रा."

"मलाही माहीत नाही. आणि आपण दोघंही तिथे होतो."

मी चहा अर्धा टाकून निघाले. पुढे दोन दिवस त्या घरात फक्त हवामानावर बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी मर्डोने मुकाट्याने एफीच्या हिशेबाने खोल्या ठरवल्या. "कंटाळलीस तर मला सांगायचं नाही," एवढं मात्र बजावलं.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. जुळतं तेवढं लिहिते.

कादिझच्या किनाऱ्यावर दुपारी म्हाताऱ्या बायका घडीच्या खुर्च्या टाकून हाउजीसारखा आकड्यांचा खेळ खेळत बसतात. पहिल्या दिवशी एफीकडे कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी एकीने मान हलवली. तिसऱ्या दिवशी ती पाण्यातून बाहेर आली, तर रेमेदिओस नावाच्या जाडजूड बाईने तिच्यापुढे रिकामी खुर्ची ठेवली.

"बस गं. रोज पाहतेय, कालच्यापेक्षा लांब जातेस. वय काय?"

एफीने वाचनालयाच्या वर्गात शिकलेलं स्पॅनिश बाहेर काढलं. "अडुसष्ट."

"मग खायला हवं." रेमेदिओसने बारक्या कोळंबीचं पातळ, कुरकुरीत भजं तिच्या हातावर ठेवलं.

एफीने सावकाश चावून पाहिलं. "यात बेसन आहे."

"अगं, ही पाहुणी नाही," रेमेदिओस बायकांना म्हणाली, "ही आपल्यातलीच स्वयंपाकीण आहे."

चौथ्या दिवशी एफी रेमेदिओसच्या घरी चुलीशी उभी होती. पहिला घाणा जाड आणि तेलकट झाला. "ही भजी की चपलेचे तळ?" रेमेदिओसने विचारलं. पाचव्या दिवशी एफीने पीठ सैल केलं, तेल आणखी तापवलं. सहाव्या दिवशी रविवार. रेमेदिओसच्या घरी चौदा माणसं जेवायला, आणि चुलीशी एकटी एफी.

रेमेदिओसच्या नणंदेने चाळीस वर्षांत कोणाच्या हाताला चांगलं म्हटलं नव्हतं. तिने चार भजी संपवली, पाचवं उचललं आणि वहिनीला विचारलं, "आज तुझा हात एकदम सुधारला कसा?"

रेमेदिओसने आत बोट दाखवलं. सगळं टेबल टाळ्या वाजवायला लागलं. एफी लालबुंद होऊन दारात उभी राहिली. तीस वर्षं तिने रोज चारशे ताटं वाढली, पण टाळी वाजलेली तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

मर्डोही त्या टेबलावर होता. रेमेदिओसच्या भावाबरोबर तीन दिवस सोंगट्या खेळून त्याने तीनही दिवस मार खाल्ला होता. त्याच संध्याकाळी तो ते उतरले होते त्या घराच्या मालकिणीकडे गेला आणि आणखी दोन रात्री मागून आला.

"अरे, मग ग्रानादा?" एफीने विचारलं.

"तिथे एक रात्र पुरे. मला परवा त्या माणसाला हरवायचंय."

एफीने मला तिथूनच फोन केला. "ग्रानादाच्या दोन रात्री मर्डोनेच कापल्या," एवढं सांगितलं आणि कितीतरी वेळ नुसती हसत राहिली.